फिलाडेल्फिया पायी पाहण्यासाठी दोन दिवसांचे सविस्तर नियोजन

न्यू जर्सीत किंवा न्यू यॉर्कच्या आसपास मुलांकडे राहायला आलेल्या मराठी आईवडिलांना फिलाडेल्फिया बहुधा एका दिवसात दाखवले जाते. सकाळी दहाला गाडी काढायची, बाराच्या सुमारास स्वातंत्र्याच्या घंटेसमोर उभे राहायचे, कलासंग्रहालयाच्या पायऱ्यांवर छायाचित्रे काढायची आणि संध्याकाळच्या वाहतुकीतून वाट काढत घरी परतायचे, असा तो बेत असतो. त्यात घंटा पाहून होते, शहर पाहायचे मात्र राहून जाते. ज्या शहरात 1776 साली सर्व माणसे समान निर्माण झाली आहेत असे लिहिले गेले आणि ते लिहिणाऱ्याच्या दिमतीला त्याच घरात एक गुलाम मुलगा होता, ते शहर समजून घ्यायचे तर त्याच्या गल्ल्यांतून सावकाश चालावे लागते. सुदैवाने जुने फिलाडेल्फिया इतके आटोपशीर आहे, की दोन दिवस हाताशी असतील, पायांत चांगले बूट असतील आणि सकाळी लवकर निघायची तयारी असेल, तर गाडीची गरज पडत नाही.

कधी जावे, कसे जावे

एप्रिलपासून जूनच्या मध्यापर्यंतचा आणि सप्टेंबर-ऑक्टोबरचा काळ सर्वांत चांगला. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईच्या मे महिन्याची आठवण व्हावी असा दमट उकाडा असतो, आणि 4 जुलैच्या आसपास गर्दीही फार असते. 2026 साली अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला 250 वर्षे होत असल्याने त्या वर्षी जाणाऱ्यांनी राहण्याची सोय बरीच आधी करून ठेवावी. हिवाळ्यात गर्दी कमी असते आणि इमारतींच्या आत निवांत पाहता येते, मात्र दोन नद्यांच्या मधल्या या सपाट शहरात वारा अंगाला झोंबतो, हे ज्येष्ठांनी लक्षात घ्यावे.

न्यू यॉर्कहून अ‍ॅमट्रॅकची रेल्वे साधारण दीड तासात पोहोचवते, वॉशिंग्टनहून दोन तासांच्या आसपास लागतात. एडिसन, मेट्रोपार्क या भागात राहणाऱ्यांसाठी त्याहून स्वस्त मार्ग आहे. न्यू जर्सी ट्रान्झिटच्या गाडीने ट्रेंटनला जावे आणि तिथे सेप्टाची, म्हणजे फिलाडेल्फियाच्या प्रादेशिक वाहतूक सेवेची गाडी पकडावी. वेळ जास्त लागतो, पण तिकीट ऐन वेळी काढले तरी महाग पडत नाही. विमानतळावरूनही सेप्टाची रेल्वे अर्ध्या तासात शहराच्या मध्यभागी आणून सोडते. शहरातल्या बस आणि भुयारी रेल्वेत बँकेचे कार्ड यंत्राला टेकवून भाडे देता येते, त्यामुळे सुट्ट्या पैशांची चिंता नसते.

अ‍ॅमट्रॅकने आलात तर थर्टीएथ स्ट्रीट स्थानकात पाच मिनिटे थांबा. 1933 मध्ये सुरू झालेल्या या स्थानकाच्या उंच छताच्या दालनात, एका टोकाला, निष्प्राण सैनिकाला उचलून धरणाऱ्या देवदूताचा काळसर कांस्यपुतळा आहे. दुसऱ्या महायुद्धात मरण पावलेल्या पेनसिल्व्हेनिया रेल्वेच्या 1,307 कर्मचाऱ्यांचे ते स्मारक आहे. त्यांची नावे पायथ्याशी कोरलेली आहेत. धावपळीत त्याच्या शेजारून हजारो माणसे जातात आणि क्वचितच कोणी वर पाहते.

मुक्काम ओल्ड सिटी किंवा सेंटर सिटी या भागात करावा. गाडी आणलीच तर ती वाहनतळात लावून दोन दिवस विसरून जावी, आणि आसनावर पिशवी, कोट, चार्जिंगची तार असे काहीही दिसेल असे ठेवू नये. काच फोडून सामान नेण्याचे प्रकार इथे होतात.

निघण्यापूर्वी करायचे एक काम अत्यावश्यक आहे. ज्या सभागृहात जाहीरनामा आणि राज्यघटना मंजूर झाली, त्या इंडिपेंडन्स हॉलमध्ये वर्षाचा बहुतेक काळ ठरलेल्या वेळेच्या तिकिटाशिवाय प्रवेश मिळत नाही. प्रवेश विनामूल्य आहे, फक्त ऑनलाइन आरक्षणासाठी माणशी एक डॉलरच्या आसपास शुल्क पडते. उन्हाळ्यात आणि जोडून आलेल्या सुट्ट्यांमध्ये ही तिकिटे लवकर संपतात. सातासमुद्रापलीकडून आलेले आजी-आजोबा तिकिटाअभावी कुंपणाबाहेरून इमारत पाहून परत जाताना मी पाहिले आहेत, आणि ते पाहवत नाही. तारीख ठरताच सकाळी साडेदहाच्या सुमाराची वेळ घेऊन ठेवा. सुरक्षा तपासणी विमानतळासारखी असते, म्हणून निदान अर्धा तास आधी पोहोचा आणि फळे कापायची सुरी पिशवीत राहिलेली नाही ना, ते पाहा.

आधी शहराची आखणी ध्यानात घ्या

फिलाडेल्फिया 1682 साली विल्यम पेन या क्वेकर (शांततावादी ख्रिस्ती) पंथीयाने वसवले. लंडनमधली 1665 ची प्लेगची साथ आणि 1666 ची आग त्याच्या पिढीने पाहिली होती, त्यामुळे दाटीवाटीच्या गल्ल्यांचे शहर त्याला नको होते. पूर्वेला डेलावेअर आणि पश्चिमेला स्कूल्किल या नद्यांच्या मधल्या जमिनीवर त्याचा मोजणीदार टॉमस होम याने चौकटींची आखणी केली, आणि मध्यभागी एक व चार दिशांना चार अशी पाच मोकळी मैदाने राखली. ही मैदाने आजही आहेत. मधल्या मैदानावर नगरभवन उभे आहे, बाकीच्या चारांवर बागा आहेत.

ही आखणी समजली की नकाशा खिशातच राहतो. उत्तर-दक्षिण जाणाऱ्या रस्त्यांना क्रमांक आहेत आणि ते डेलावेअर नदीपासून पश्चिमेकडे वाढत जातात. पहिल्या रस्त्याला फ्रंट स्ट्रीट म्हणतात, आणि चौदाव्याच्या जागी ब्रॉड स्ट्रीट आहे. पूर्व-पश्चिम रस्त्यांना बरीचशी झाडांची नावे आहेत: चेस्टनट, वॉलनट, स्प्रूस, पाइन. मार्केट स्ट्रीट शहराचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग करतो. घरक्रमांकातले शतक रस्त्याचा क्रमांक सांगते, म्हणजे 239 आर्च स्ट्रीट हे घर दुसऱ्या आणि तिसऱ्या रस्त्याच्या मध्ये असणार. एवढे कळले, की फोनची बॅटरी संपली तरी माणूस हरवत नाही.

पहिला दिवस: घंटेपासून गल्लीपर्यंत

सकाळी नऊला लिबर्टी बेल सेंटर उघडते, त्या वेळी सहाव्या रस्त्यावरच्या दाराशी असावे. तिकीट लागत नाही, आणि पहिल्या अर्ध्या तासात रांगही लहान असते. आत गेल्यावर बहुतेक लोक माहितीफलक ओलांडून थेट घंटेकडे धावतात. तसे करू नका. ही घंटा जाहीरनाम्यासाठी ओतलेली नव्हती. प्रांताच्या राज्यगृहासाठी, म्हणजे आजच्या इंडिपेंडन्स हॉलसाठी, ती 1751 मध्ये लंडनहून मागवली होती, पहिल्याच चाचणीत तिला तडा गेला, आणि पास व स्टो या इथल्याच दोन ओतकाम करणाऱ्यांनी ती वितळवून दोनदा नव्याने ओतली. बायबलमधले, सर्व रहिवाशांना मुक्ती घोषित करा असे सांगणारे वचन तिच्यावर पहिल्यापासून आहे. तिला स्वातंत्र्याची घंटा हे नाव मात्र दिले ते 1830 च्या दशकात गुलामगिरी नष्ट करू पाहणाऱ्या लोकांनी. त्यांनी ते वचन वाचले आणि सर्व रहिवासी म्हणजे कोण, असा प्रश्न देशाला विचारला.

आता घंटेजवळ जा आणि सगळे जिचे छायाचित्र घेतात त्या रुंद भेगेकडे नीट पाहा. भेगेच्या कडा सरळ आणि कोरलेल्या दिसतात, मध्ये दोन खिळेही दिसतात. कारण ती भेग म्हणजे मूळ तडा नव्हेच. बारीक तड्याच्या दोन्ही कडा एकमेकींवर घासून आवाज बिघडू नये म्हणून 1846 मध्ये तो मुद्दाम कोरून रुंद केला गेला. ती दुरुस्ती आहे. त्या फेब्रुवारीत वॉशिंग्टनच्या जन्मदिनी घंटा वाजवली, तेव्हा भेगेच्या वरच्या टोकापासून तिरकी, केसासारखी बारीक दुसरी चीर अक्षरांमधून वर गेली, आणि घंटा कायमची मुकी झाली. ही दुसरी चीर शोधून पाहण्यासारखी आहे. खालची कडही जागोजाग खडबडीत आहे, तिथे लोकांनी आठवण म्हणून टवके काढून नेले आहेत. पेनसिल्व्हेनिया या शब्दात आज आपण लिहितो त्यापेक्षा एक अक्षर कमी आहे, तेही दिसेल. त्या काळी असे लिहिणे चालत असे.

बाहेर पडताच मार्केट स्ट्रीटच्या बाजूला एका घराचा नुसता आराखडा उभा केलेला दिसतो आणि काचेखाली जुना पाया दिसतो. फिलाडेल्फिया 1790 ते 1800 या काळात देशाची राजधानी होती, तेव्हाचे हे अध्यक्षांचे निवासस्थान. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी इथे नऊ गुलाम माणसे ठेवली होती. पेनसिल्व्हेनियाच्या 1780 च्या कायद्याने सलग सहा महिने प्रांतात राहिलेला बाहेरचा गुलाम मुक्त ठरू शकत असे, म्हणून मुदत भरण्याआधी त्यांना प्रांताबाहेर नेऊन परत आणले जाई. त्यांच्यातली ओना जज ही तरुणी मे 1796 मध्ये घरातली मंडळी जेवत असताना निघून गेली आणि पुन्हा कधीही हाती लागली नाही. घंटा आणि हे घर यांच्यामध्ये काही पावलांचेच अंतर आहे. माझ्या मते संपूर्ण शहरात याहून महत्त्वाची जागा नाही, आणि घंटा पाहून थेट हॉलकडे वळणारे नेमकी हीच जागा चुकवतात.

त्यानंतर तिकिटाच्या वेळी इंडिपेंडन्स हॉलमध्ये जावे. उद्यान सेवेचे मार्गदर्शक गटाला आत नेतात आणि वीस-तीस मिनिटांत माहिती देतात. इंग्रजी भरभर बोलले जाते, म्हणून ज्येष्ठांना आधी थोडी पूर्वकल्पना द्यावी: 2 जुलै 1776 रोजी स्वातंत्र्याचा ठराव झाला, 4 जुलैला जाहीरनाम्याचा मजकूर मंजूर झाला, आणि 1787 च्या उन्हाळ्यात, मे ते सप्टेंबर, याच दालनात राज्यघटना तयार झाली. गुप्ततेसाठी त्या उकाड्यात खिडक्या बंद ठेवून चर्चा चालत असे. हिरव्या कापडाने झाकलेली मेजे आणि बहुतेक खुर्च्या त्या काळच्या असल्या तरी मूळच्या नाहीत. समोर मध्यभागी ठेवलेली उंच पाठीची खुर्ची मात्र वॉशिंग्टन बसत तीच आहे. तिच्या माथ्यावर सोनेरी अर्धा सूर्य कोरलेला आहे. हा सूर्य उगवता आहे की मावळता, हे मला इतके दिवस कळत नव्हते, आता तो उगवता आहे याचा आनंद वाटतो, असे बेंजामिन फ्रँकलिन सह्यांच्या वेळी म्हणाल्याचे घटना बनवणाऱ्या प्रतिनिधींपैकी जेम्स मॅडिसन यांनी नोंदवून ठेवले आहे. कठड्यापासून खुर्ची दूर आहे, त्यामुळे शक्य असल्यास गटात पुढे राहावे.

मूळ जाहीरनामा इथे नाही, तो वॉशिंग्टन शहरात आहे. पण हॉलच्या पश्चिमेकडच्या छोट्या दालनात त्या वेळी छापलेली प्रत आणि सह्यांसाठी वापरली गेल्याचे मानले जाणारे चांदीचे दौत-साहित्य पाहता येते. लगतच्या काँग्रेस हॉलमध्ये 1797 साली वॉशिंग्टन पायउतार झाले आणि जॉन अ‍ॅडम्स यांनी शपथ घेतली. सत्ता एका हातातून दुसऱ्या हातात शांतपणे गेली, त्या काळच्या मानाने ही मोठी गोष्ट होती.

सातव्या रस्त्याच्या आणि मार्केटच्या कोपऱ्यावर टॉमस जेफर्सन यांनी दोन खोल्या भाड्याने घेऊन जाहीरनाम्याचा मसुदा लिहिला, त्या घराची 1975 मध्ये उभारलेली प्रतिकृती आहे. मूळ घर 1883 मध्ये पाडले गेले. लेखाच्या आरंभी उल्लेख केलेला गुलाम मुलगा, चौदा वर्षांचा रॉबर्ट हेमिंग्ज, इथेच जेफर्सन यांच्या सेवेत होता. आत जाता आले नाही तरी बाहेरून पाहावे.

इथून पूर्वेला, नदीच्या दिशेने, उतरत जावे. चेस्टनट स्ट्रीटवरून आत एका बोळात कारपेंटर्स हॉल आहे. 1774 च्या सप्टेंबरमध्ये पहिली काँटिनेंटल काँग्रेस, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींची सभा, भरली ती या सुतार-गवंड्यांच्या संघाच्या इमारतीत, आणि आजही ती त्याच संघाच्या मालकीची आहे. तिच्या भिंतीपाशी जाऊन विटा पाहा. एक वीट आडवी लाल, तिच्या शेजारी एका विटेचे चौकोनी तोंड, भट्टीतल्या आचेने काळसर चकाकी आलेले, मग पुन्हा लाल. लांबून ती भिंत पटावरच्या सोंगट्यांसारखी दिसते. ही रचना एकदा डोळ्यांत बसली, की दिवसभर कुठली भिंत जुनी आणि कुठली नंतरची, हे ओळखता येऊ लागते.

पुढे मार्केट स्ट्रीटवर 314 ते 322 क्रमांकांच्या दरम्यान एका कमानीतून फ्रँकलिन कोर्टात शिरता येते. फ्रँकलिन यांचे घर 1812 मध्ये पाडले गेले, आणि ते नेमके कसे दिसे याचे पुरेसे पुरावे नव्हते. म्हणून खोटे घर उभे करण्याऐवजी 1976 मध्ये वास्तुकार व्हेंच्युरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोलादी नळ्यांची नुसती घराची रेघ उभी केली. जे माहीत नाही ते कल्पनेने न भरण्याचा हा प्रामाणिकपणा मला फार आवडतो. जमिनीखाली फ्रँकलिन यांचे छोटे संग्रहालय आहे, मुले बरोबर असतील तर तिकीट काढून जरूर पाहावे. समोरच्या रांगेत, 316 मार्केट स्ट्रीटला, जुन्या धर्तीचे टपाल कार्यालय आहे. 1775 साली, फ्रँकलिन पोस्टमास्टर जनरल झाले तेव्हा, अमेरिकेचा आजचा झेंडा अस्तित्वात नव्हता, म्हणून या कार्यालयावर तो फडकत नाही. इथून पत्र टाकले तर त्यावर फ्रँकलिन यांच्या सहीच्या धर्तीचा शिक्का हाताने मारला जातो. भारतात पाठवायचे असल्यास परदेशी टपालाचे तिकीट मागावे. गावी राहिलेल्या नातवंडांना दुकानातल्या चुंबकांपेक्षा ही भेट चांगली.

दुपारच्या जेवणानंतर, साधारण तीनला, क्राइस्ट चर्चच्या शुभ्र मनोऱ्याखालून जाऊन दुसऱ्या रस्त्याने एल्फ्रेथ्स अ‍ॅलीला पोहोचावे. आर्च आणि रेस या रस्त्यांच्या मध्ये फ्रंट स्ट्रीटकडे जाणारी ही अरुंद गल्ली आहे. 1728 ते 1836 या काळात बांधलेली 32 घरे इथे आहेत, आणि देशातली सलग वस्ती असलेली सर्वांत जुनी गल्ली म्हणून ती ओळखली जाते. इथे कारागीर, बोटींवरचे लोक, शिंपी राहत, भाडेकरूही बरेच असत. दोन घरांत संग्रहालय आहे, बाकी घरांत आजही लोक राहतात, म्हणून उंबरठ्यावर बसू नये, खिडकीतून डोकावू नये आणि आवाज बेताचा ठेवावा.

या गल्लीत मान वर करून चाला. काही घरांच्या वरच्या मजल्याच्या खिडकीबाहेर लोखंडी दांड्यावर कोन करून बसवलेले आरसे दिसतील. घरातल्या माणसाला खाली न उतरता दारात कोण आले आहे ते त्यात दिसे. दर्शनी भिंतींवर काही ठिकाणी धातूचे छोटे पत्रे ठोकलेले आहेत. एकमेकांचे मनगट धरलेल्या चार हातांचे चिन्ह 1752 साली फ्रँकलिन आणि त्यांच्या मित्रांनी सुरू केलेल्या अग्निविमा संस्थेचे. पुढे या संस्थेने दारात झाड असलेल्या घरांचा विमा नाकारायचे ठरवले, कारण झाडामुळे आग विझवायला अडचण होते. झाडे तोडायला तयार नसलेल्या लोकांनी मग 1784 मध्ये स्वतःची वेगळी संस्था काढली आणि तिचे चिन्ह ठेवले हिरवे झाड. ओल्ड सिटीत आणि सोसायटी हिलमध्ये ही दोन्ही चिन्हे शोधण्याचा खेळ दहा वर्षांच्या मुलालाही तासभर गुंतवतो.

परतताना पाचव्या आणि आर्चच्या कोपऱ्यावर क्राइस्ट चर्चच्या दफनभूमीत फ्रँकलिन यांची साधी सपाट शिळा दिसते. कठड्याबाहेरूनही ती दिसत असल्याने वेळ टळली तरी हरकत नाही. आर्च स्ट्रीटवरचे बेट्सी रॉस यांचे घर गोड आहे, पण पहिला झेंडा त्यांनीच शिवला याला समकालीन पुरावा नाही, हे जाणून जावे. वेळ कमी असेल तर मी ते वगळतो. त्याऐवजी संध्याकाळी वॉशिंग्टन स्क्वेअरमध्ये जाऊन बसा. पेन यांच्या पाच मैदानांपैकी हे एक. क्रांतियुद्धातले दोन हजारांहून अधिक सैनिक आणि 1793 च्या पीतज्वराच्या साथीत गेलेले कितीतरी लोक या हिरवळीखाली आहेत. पन्नास हजारांच्या त्या शहरातले सुमारे पाच हजार लोक त्या साथीत मेले. अज्ञात सैनिकाच्या स्मारकासमोर ज्योत तेवत असते, भोवती माणसे कुत्री फिरवतात, मुले धावतात. दिवसभरात पाच-सहा किलोमीटर चालणे झालेले असते.

जेवणाखाण्याविषयी

या शहराचे नाव ज्या पदार्थाने घेतले जाते तो चीझस्टेक गोमांसाचा असतो. ज्यांना ते चालत नाही त्यांनी केवळ नावावर न जाता विचारून घ्यावे. कोंबडीचे आणि नुसत्या भाज्यांचे प्रकारही मिळतात, पण बहुतेक ठिकाणी ते त्याच तव्यावर परततात. काटेकोर पाळणाऱ्यांनी तिकडे न गेलेलेच बरे.

शाकाहारी आणि मांसाहारी दोघांचीही उत्तम सोय होते ती बाराव्या आणि आर्चच्या कोपऱ्यावरच्या रीडिंग टर्मिनल मार्केटमध्ये. 1893 मध्ये रेल्वेच्या फलाटांखाली भरवलेला हा बाजार, गाड्या बंद झाल्या तरी, चालू राहिला आहे. लँकेस्टर परगण्यातले आमिश, म्हणजे जुन्या रीतीने राहणाऱ्या ख्रिस्ती पंथाचे, शेतकरी इथे भाज्या, लोणी, लोणची आणि समोर वळून भाजलेले मऊ प्रेट्झेल विकतात. रविवारी त्यांचे गाळे बंद असतात, म्हणून बाजाराचा दिवस शक्यतो गुरुवार ते शनिवार यांत बसवावा. साडेअकराच्या आत पोहोचले तर बसायला जागा मिळते, बारानंतर ताट हातात धरून फिरावे लागते. 1861 पासून चालत आलेल्या बॅसेट्सचे आइस्क्रीम खाल्ल्याशिवाय बाहेर पडू नये. वरणभाताची ओढ लागलीच तर विद्यापीठांच्या भागात, स्कूल्किलच्या पलीकडे, भारतीय खानावळी आहेत.

दुसरा दिवस: नगरभवन, संग्रहालय, तुरुंग

सकाळी नगरभवनापासून सुरुवात करावी. 1871 ते 1901 अशी तीस वर्षे चाललेले हे बांधकाम दगड-विटांच्या भिंतींवर उभे आहे, आणि शिखरावरच्या पेन यांच्या पुतळ्यासह त्याची उंची 167 मीटर होते. अकरा मीटरचा तो पुतळा ईशान्येकडे, लेनापी या मूळ रहिवाशांशी पेन यांनी करार केल्याचे मानले जाते त्या नदीकाठच्या जागेकडे, तोंड करून आहे. पेन यांनी तो करार पाळला. त्यांच्या मुलांनी 1737 मध्ये, माणूस दीड दिवसात चालेल तेवढी जमीन या जुन्या शब्दाचा आधार घेऊन, आधी वाट साफ करवली आणि वेगाने पळणारी माणसे लावून लेनापींची अफाट जमीन घेतली. या पुतळ्याच्या टोपीहून उंच काही बांधायचे नाही असा अलिखित संकेत शहराने 1987 पर्यंत सांभाळला. मनोऱ्यावर नेणारी लिफ्ट लहान आहे आणि एका वेळी मोजकीच माणसे जातात, त्यामुळे तिकीट आणि वेळ आधी तपासून घ्यावी.

मार्केटमध्ये लवकर जेवून बेंजामिन फ्रँकलिन पार्कवेने वायव्येला चालू लागावे. वाटेत रोदँ यांच्या शिल्पांचे छोटे संग्रहालय आणि बार्न्स यांचा चित्रसंग्रह लागतो, पण एका दिवसात सगळे करू नये. टोकाला कलासंग्रहालय आणि त्याच्या 72 पायऱ्या आहेत. मुष्टियोद्ध्याच्या गाजलेल्या चित्रपटामुळे लोक त्या धावत चढतात आणि तिथूनच परततात. गुडघे दुखणाऱ्यांसाठी मागच्या बाजूला पायऱ्यांविना प्रवेश आहे. आठवड्यात काही दिवस संग्रहालय बंद असते, वार आधी पाहून जावे.

आत दक्षिण आशियाई दालनांत मदुराईचा पाषाणमंडप आहे, तो चुकवू नका. सोळाव्या शतकातले, मदनगोपाल स्वामींच्या देवळाचे हे खांब 1912 साली मदुराईला गेलेल्या फिलाडेल्फियाच्या अ‍ॅडेलिन पेपर गिब्सन यांनी विकत घेतले आणि पुढे ते संग्रहालयाला मिळाले. भारतीय कलेच्या अभ्यासक स्टेला क्रामरिश यांनी या विभागाची दीर्घकाळ धुरा वाहिली. ग्रॅनाइटमधल्या आकृत्या डोक्याच्या वर उठून पुढे झुकतात, आणि दिवा नाही, उदबत्ती नाही, तरी आपल्याकडचा माणूस नकळत चपला काढण्याच्या विचारात थबकतो.

तिथून पंधरा मिनिटे चालत बाविसाव्या रस्त्यावर फेअरमाउंट अव्हेन्यूला जा. 1829 मध्ये उघडलेला ईस्टर्न स्टेट हा तुरुंग 1971 मध्ये बंद झाला आणि आता पडझड जपून दाखवला जातो. कैद्याला संपूर्ण एकांतात ठेवले की त्याला पश्चात्ताप होईल, या सद्हेतूने तो बांधला गेला. प्रत्येक कोठडीला वर एक झरोका, बाहेर नेताना तोंडावर बुरखा, माणसाशी बोलणे नाही. 1842 मध्ये इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्स यांनी तो पाहिला आणि या पद्धतीचा कठोर शब्दांत निषेध केला. मध्यभागी उभे राहिलात की चाकाच्या आऱ्यांसारख्या पसरलेल्या कोठड्यांच्या ओळी दिसतात. या धर्तीचे तुरुंग मग जगभर झाले. अंदमानचे सेल्युलर जेल ज्याने पाहिले आहे, मधला मनोरा आणि त्यातून फुटलेले सात पंख ज्याला आठवतात, त्याला इथे काही समजावून सांगावे लागत नाही. जमीन उंचसखल आहे, हिवाळ्यात आत बाहेरपेक्षा थंड असते. संग्रहालय आणि तुरुंग यांत एकच निवडायचे झाले तर मोठ्यांनी तुरुंग निवडावा, लहान मुलांना तो झेपणार नाही.

आनंदीबाईंच्या वाटेने

या तुरुंगापासून उत्तरेला दीडएक किलोमीटरवर एकविसावा रस्ता आणि नॉर्थ कॉलेज अव्हेन्यू यांचा कोपरा आहे. पेनसिल्व्हेनियाचे स्त्रियांचे वैद्यकीय महाविद्यालय तिथे होते. कल्याणला जन्मलेली आनंदीबाई जोशी 1883 मध्ये, अठराव्या वर्षी, तिथे दाखल झाली आणि 11 मार्च 1886 रोजी डॉक्टर झाली. समारंभाला तिचे पती गोपाळराव होते, पंडिता रमाबाई होत्या. रमाबाई त्यानंतर अमेरिकेतच थांबल्या, आणि उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक 1887 मध्ये याच शहरातून, महाविद्यालयाच्या डीन रेचल बॉडली यांच्या प्रस्तावनेसह निघाले.

महाविद्यालय 1930 मध्ये शहराच्या ईस्ट फॉल्स भागात हलले, त्यामुळे या कोपऱ्यावर दाखवण्यासारखी इमारत नाही. तरीही जायचे असेल तर दिवसाउजेडी जा आणि पायी जाण्याऐवजी टॅक्सी करा, वस्ती निवासी आहे. समोर गिरार्ड कॉलेजची लांबलचक दगडी भिंत आहे. ती आनंदीबाईंच्याही आधीची आहे, आणि साडी नेसून या थंडीत शिकणाऱ्या त्या मुलीने ती रोज पाहिली असणार. महाविद्यालयाची जुनी कागदपत्रे आता ड्रेक्सेल विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेच्या अभिलेखागारात आहेत. जपानच्या केई ओकामी आणि सिरियाच्या सबात इस्लांबुली यांच्याबरोबर 10 ऑक्टोबर 1885 रोजी काढलेले आनंदीबाईंचे प्रसिद्ध छायाचित्र त्याच संग्रहातले. मूळ कागद पाहायचे असल्यास आधी पत्र पाठवून वेळ ठरवावी लागते, अगदी सहज जाऊन पाहता येत नाहीत. डिजिटल प्रती मात्र घरबसल्या पाहता येतात, आणि जाण्यापूर्वी त्या पाहून जाणे चांगले.

आनंदीबाई 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात गेल्या. त्यांच्या अस्थी मात्र अमेरिकेत, न्यू यॉर्क राज्यातल्या पकिप्सी गावी, ज्यांनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले त्या कार्पेंटर बाईंच्या नातलगांच्या जागेत पुरल्या आहेत. न्यू यॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकातून हडसन मार्गाची रेल्वे थेट पकिप्सीला जाते, ते तिचे शेवटचे स्थानक आहे. नदीच्या बाजूचीच जागा मिळेल असे, म्हणजे जाताना डावीकडे, बसावे. पकिप्सी रूरल सेमेटरी स्थानकापासून टॅक्सीच्या अंतरावर आहे. कार्यालय उघडे असेल अशा दिवशी जाऊन नाव सांगितल्यास जागा दाखवतात. दगडावर त्यांचे नाव, एम.डी. ही पदवी आणि 1865 व 1887 ही दोन साले आहेत.